बाळंतपणानंतर वजन कमी करताना : घाई नको, क्रम हवा

बाळ घरी येते आणि काही आठवड्यांतच आईला प्रश्न पडतो, "माझे शरीर पूर्वीसारखे कधी होणार?" जुने कपडे अंगात शिरत नाहीत. येणारे-जाणारे सहज बोलून जातात. मग कोणी जेवण निम्मे करते, कोणी पोटाचे व्यायाम सुरू करते. पण ज्या शरीराने नऊ महिने एक जीव वाढवला, त्याला सावरायलाही तेवढाच वेळ द्यायला हवा. वजन नक्की कमी होते. फक्त त्याचा क्रम समजून घ्या.

शरीरात काय चाललेले असते?

प्रसूतीच्या वेळी बाळ, वार आणि गर्भजल मिळून साधारण ५ किलो वजन लगेच कमी होते. पुढच्या काही दिवसांत साठलेले पाणी निघून जाते. गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे ६ आठवडे लागतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात पोट दिसते म्हणून खिन्न होऊ नका. ती सगळी चरबी नसते.

उपाशी राहू नका

अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने रोज सुमारे ६०० आणि त्यानंतरचे ६ महिने सुमारे ५२० कॅलरी जास्त लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले आहे. यातली थोडी गरज गरोदरपणी साठलेल्या चरबीतून भागते आणि वजन हळूहळू उतरते. आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग आहे. कडक डाएटने मात्र थकवा वाढतो आणि दूधही कमी होऊ शकते.

मग डिंकाचे लाडू सोडायचे का? मुळीच नाही. हे लाडू ज्या आजींनी खाल्ले, त्या सव्वा महिन्यानंतर जात्यावर आणि शेतावर उभ्या राहत. आज बेंगळुरूच्या नवव्या मजल्यावर, लिफ्टच्या दाराशी राहणाऱ्या आईला सकाळी एक लाडू पुरे. तोही न्याहारीचा भाग म्हणून, न्याहारीनंतर आणखी म्हणून नव्हे. अळीव, मेथी, शेपू, मुगाचे वरण, ताक हे आपले बाळंतिणीचे जेवण उत्तमच आहे. कन्नडमध्ये बाळंतिणीला 'बाणंती' म्हणतात. शब्दांसारखीच दोन्हीकडची काळजीही जुळती. इथे सहज मिळणारी नाचणीही ताटात असू द्या. तिच्यात भरपूर कॅल्शियम असते. खीर, भाकरी किंवा मुद्दे, जे आवडेल ते करा.

पहिले ६ आठवडे : श्वास आणि चालणे

* पोटाने श्वास : पाठीवर झोपून गुडघे वाकवा, हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट वर येऊ द्या, सोडताना अलगद आत जाऊ द्या. ५ मिनिटे करा.
* ओटीपोटाच्या तळाचे स्नायू : लघवी रोखताना आवळले जातात, ते हे स्नायू. ५ सेकंद आवळून सैल सोडा, असे १० वेळा करा. श्वास रोखू नका आणि लघवी करताना हा सराव करू नका.
* चालणे : घरातल्या घरात सुरुवात करा, मग रोज ५-५ मिनिटे वाढवा. बेंगळुरूची सौम्य हवा ही मोठी सोय आहे. पुढे बाळाला घेऊन लालबागेत सावकाश फेरी मारता येईल.

सिझेरियन झाले असेल तर या काळात बाळापेक्षा जड काही उचलू नका.

डॉक्टरांच्या तपासणीनंतर : आसने

६ आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी होकार दिला की ताडासन, मार्जारासन आणि सेतुबंधासन सुरू करा. सिझेरियननंतर आणखी थांबावे लागू शकते.

त्याआधी एक साधी पाहणी करा. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, डोके थोडे उचला आणि बेंबीजवळ बोटांनी चाचपा. मधोमध दोन बोटांहून रुंद फट जाणवली, तर पोटाचे स्नायू अजून जुळलेले नाहीत. अशा वेळी नौकासन किंवा उठाबशा काढून पोट आत जात नाही, उलट फुगवटा वाढू शकतो. फिजिओथेरपिस्टला दाखवा. कपालभाती, हलासन, धनुरासन यांचीही घाई नको.

मध्यम व्यायामाने दूध आटत नाही. बाळाला पाजून मग सराव केलात तर छाती हलकी राहते.

मनाचेही ऐका

सव्वा महिना झाला की बेळगाव-कोल्हापूरहून आलेली आई परत जाते. पती ऑफिसला जातात, आणि फ्लॅटमध्ये तुम्ही आणि बाळ दोघेच उरता. झोप अपुरी असली की भूक भलत्या वेळी लागते आणि वजनही हटत नाही. म्हणून बाळ झोपले की कामांची यादी बाजूला ठेवा. २० मिनिटे योगनिद्रा करा किंवा नुसते डोळे मिटून पडा. नाडीशोधन आणि भ्रामरीनेही मन निवते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो तुमचा कमकुवतपणा नव्हे. त्यावर उपचार आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर देशात कुठूनही मोफत बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर वाट न पाहता घरच्यांना सांगा आणि दवाखान्यात जा.

लगेच डॉक्टरांकडे केव्हा?

* रक्तस्राव पुन्हा वाढला, ताप आला किंवा टाक्यांतून पू आला
* एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली
* छातीत दुखले, धाप लागली
* तीव्र डोकेदुखी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली

प्रयत्न करूनही वजन हलत नसेल तर थायरॉइड तपासा. गरोदरपणी मधुमेह झाला असेल तर ६ ते १२ आठवड्यांदरम्यान साखरेची तपासणी चुकवू नका.

नोकरी करणाऱ्या आईला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते. ती 'पूर्वीसारखे दिसण्याची' मुदत समजू नका. वजनकाट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहा. रोज मात्र स्वतःला एवढेच विचारा : आज मी वेळेवर जेवले का, थोडे चालले का, थोडी विसावले का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर तुम्ही योग्य वाटेवर आहात.