जागा आणि माणसं आधी ठरव, पोरी

पोरी, सातवा महिना लागला की घरात ओटीभरणाची बोलणी सुरू होतात. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, पाच सवाष्णी, डोहाळजेवण. सगळं होऊ दे, त्याचा आनंद घे. पण त्याच आठवड्यात आणखी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. जचकी कुठे होणार आणि त्या वेळी तुझ्याजवळ कोण असणार? कळा सुरू झाल्यावर हे ठरवायला कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. घरातली दहा माणसं दहा दवाखान्यांची नावं घेतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे.

आमच्या वेळी जचकी घरातच व्हायची. सुईण हाताची पक्की असायची, धीर देणारी असायची. पण जचकी झाल्यावर रक्त थांबलं नाही, तर तिच्याजवळ इंजेक्शन नव्हतं, सलाईन नव्हतं, रक्ताची बाटली नव्हती. माझी एक जाऊ अशीच गेली. बाळ रडत होतं आणि तिचे हातपाय थंड पडत होते. असा रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही बाई हातची जाऊ शकते, म्हणून उपाय दाराशीच असावा लागतो. आता महाराष्ट्रात शंभरातल्या जवळपास ९५ जचक्या दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या आकड्यांप्रमाणे राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा ९७ होता. हे आपोआप झालं नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आपला प्रबंधही बाळंतपणावरच लिहिला. तेव्हापासून किती बायांनी हे काम पुढे नेलं, त्याचं फळ तुझ्या पदरात आहे. ते नीट वापर.

रात्री दोन वाजता काय मिळेल, ते विचार

दवाखाना दुपारी चकाचक दिसतो. तू रात्रीचं विचार. रात्री इथे कोण असतं? डॉक्टर आवारात राहतात की फोन करून बोलवावे लागतात? सिझर करायची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात? रक्त इथेच मिळतं की दुसऱ्या गावाहून आणावं लागतं? बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायचं शिक्षण घेतलेली सिस्टर हजर असते का? बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर सोय कुठे? जचकीची खोली एकदा डोळ्यांनी बघ. संडास, पाणी, दाराला पडदा हेही बघ. हे प्रश्न विचारल्यावर जो चिडत नाही, नीट उत्तर देतो, तो दवाखाना अर्धा पास झाला असं समज.

तुझी प्रकृती कोणता दवाखाना मागते?

पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून ही सोय आहे. तिथे सरळ विचार : माझी जचकी साधी होईल की जोखमीची?

सगळं ठीक असेल तर जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा आपल्या नांदुऱ्याचं ग्रामीण रुग्णालयही चालतं. पण रक्तदाब वाढलेला असेल, साखर असेल, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल, जुळं असेल, बाळ आडवं किंवा पायाळू असेल, वार खाली असेल, आधीचं सिझर असेल किंवा मागच्या खेपेला फार रक्त गेलं असेल, तर जिथे चोवीस तास सिझर आणि रक्ताची सोय आहे तिथेच नाव घाल. जवळचा दवाखाना म्हणून तिथे जायचं आणि मध्यरात्री तिथून पुढे पाठवलं जायचं, यात जाणारा वेळ सगळ्यात महाग असतो.

आपल्याकडे जवळपास निम्म्या गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी असतं. अकराच्या खाली आलं की कमी समजायचं. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या कपाटात ठेवू नको. रात्री जेवणानंतर घे, चहासोबत घेऊ नको. ज्या बाईचं रक्त आधीच कमी, तिला थोडा रक्तस्रावही पेलत नाही. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर त्याच गटाची माणसं आधीच शोधून ठेव. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत तुला इंजेक्शन लागतं. ते त्या दवाखान्यात मिळतं का, हेही विचारून ये.

रस्ता आणि ऋतू दोन्ही धर

नांदुरा हमरस्त्यावर आहे, रेल्वेवर आहे, हे आपलं भाग्य. एका अंगाला खामगाव, दुसऱ्या अंगाला मलकापूर, दोन्ही साधारण २५ किलोमीटरवर. खामगावला सामान्य रुग्णालय आहे, मलकापूरला उपजिल्हा रुग्णालय. बुलढाण्याला जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, पण तिकडे जाताना मोताळ्यापुढे राजूरचा घाट चढावा लागतो. अकोल्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय, ज्याला जुनी माणसं अजून लेडी हार्डिंग म्हणतात, आणि तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साधारण ७५ किलोमीटरवर. पहिली पसंती कोणती आणि तिथून पुढे पाठवलं तर कुठे, दोन्ही नावं कागदावर लिहून ठेव.

तू पूर्णाकाठच्या गावात असशील आणि दिवस श्रावण-भाद्रपदात भरत असतील, तर तारखेच्या आठ-पंधरा दिवस आधीच शहरातल्या नातलगाकडे येऊन राहा. काळ्या मातीचा रस्ता एका पावसात गाडी धरतो, नाला भरला की गाव तुटतं. जुलै २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुरानं काय केलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. चैत्र-वैशाखात दिवस भरत असतील तर प्रवास पहाटे किंवा सांजेला कर, पाणी सोबत ठेव.

पहिली जचकी माहेरी, ही आपली रीत चांगली आहे. पण यात एक गोष्ट सुटते. नाव सासरच्या आरोग्य केंद्रात असतं आणि पोर येते माहेरी, म्हणून इकडच्या आशाताईला काहीच ठाऊक नसतं. माहेरी आलीस की पहिल्याच आठवड्यात माता-बाल कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन इथल्या सिस्टरला भेट. नववा लागल्यावर लांबचा प्रवास नको, आठव्यातच ये.

खोलीत एक बाई आपली असू दे

जचकीच्या खोलीत बाईला एकटं ठेवणं ही दवाखान्याची जुनी रीत झाली, आता तिचे दिवस गेले. भारत सरकारनं २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांना सांगितलं आहे की कळा सुरू असताना बाईजवळ तिच्या पसंतीची एक सोबतीण असावी. जिथे आडपडद्याची नीट सोय आहे तिथे नवराही थांबू शकतो. २०१७ मध्ये जगभरातले २६ अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत पंधरा हजारांहून जास्त बाया होत्या. सतत कुणी जवळ असलेल्या बायांच्या कळांचा वेळ कमी भरला आणि सिझरही कमी झालं. आपल्या सुईणी हेच करायच्या. पाठ चोळायच्या, चालवायच्या, घोटघोट पाणी द्यायच्या, नाव घेऊन बोलायच्या.

सोबतीण निवडताना नात्याचा मान बघू नको, स्वभाव बघ. आई, मावशी, नणंद, थोरली बहीण, कुणीही चालेल. जी स्वतः बाळंत झालेली आहे, जी रक्त पाहून घाबरत नाही, जी इतरांच्या वाईट जचक्यांच्या गोष्टी सांगत बसत नाही, ती निवड. “मुलगाच होऊ दे” असं जपणारी बाई त्या खोलीत नको. लेक झाल्यावर जिचा चेहरा पडेल, तिला बाहेरच बसव.

तिला आधीच समजावून सांग. कळांच्या मधे तुला चालू द्यायचं, कुशीवर झोपू द्यायचं. कुणी पोटावर जोरानं दाब देऊ लागलं तर नम्रपणे पण ठामपणे थांबवायचं. बाळ ठीक असेल तर लगेच आईच्या उघड्या छातीवर द्यायला सांगायचं आणि तासाभरात अंगावर घ्यायचं. पहिला पिवळा चीक फेकायचा नाही. मध, गूळपाणी, गुटी काहीच चाटवायचं नाही. वार पडल्यावर दोन तास रक्ताकडे लक्ष ठेवायचं. कपडा पटापट भिजत असेल तर लगेच सिस्टरला हाक मारायची.

आणि घरी कुणाकडूनही कळा वाढवायचं इंजेक्शन घेऊ नको. ते देणारा कितीही ओळखीचा असो. कळा बेसुमार वाढल्या तर बाळ गुदमरतं, गर्भपिशवी फाटू शकते.

बाहेरच्या माणसांना कामं वाटून दे

दवाखान्याच्या दारात वीस माणसं उभी असतात आणि एकाच्याही हातात काम नसतं. आधी वाटून दे. गाडी एकानं बघायची. १०८ आणि १०२ चे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत, शिवाय गल्लीतल्या एका गाडीवाल्याला सांगून ठेवायचं. कागदांची पिशवी दुसऱ्याकडे. रक्त देणारी दोन-तीन धडधाकट माणसं तयार हवीत. थोरलं मूल कुणाकडे राहील, गुरांचं कोण बघेल, हे ठरलेलं हवं. निर्णयासाठी एकच माणूस असावा आणि तो फोन उचलणारा असावा. सासरे शेतातून येईपर्यंत सही थांबली, असं होऊ देऊ नका. तू सज्ञान आहेस, तुझी स्वतःची संमती पुरते, हे घरच्यांनाही सांगून ठेव.

कधी निघायचं, हे सगळ्यांना पाठ हवं. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, हातातोंडावर सूज चढली, झटका आला, ताप भरला, बाळाची हालचाल मंदावली, यातलं काहीही झालं तर कळांची वाट बघायची नाही. लगेच निघायचं.

हक्काचं मागायला लाजू नको

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात जचकी, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जेवण मोफत आहे. साध्या जचकीला तीन दिवस आणि सिझरला सात दिवसांपर्यंत जेवण मिळतं. घरून नेणं, मोठ्या दवाखान्यात पाठवणं आणि परत घरी सोडणं, तिन्हीची गाडी फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायचं. खासगीत जाणार असशील तर खर्च आधी विचार, साध्या जचकीचा वेगळा आणि सिझरचा वेगळा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद खासगी दवाखान्यानं दिसेल अशी लावायची असते.

सिझरबद्दल मन स्वच्छ ठेव

सिझर झालं म्हणून बाई कमी पडली, असं बोलणाऱ्यांचं ऐकू नको. गरजेला ते आईला आणि बाळाला वाचवतं. पण मुहूर्त गाठायला किंवा सोयीचा वार बघून पोट फाडू नये. ३९ आठवड्यांच्या आधी विनाकारण काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची भीती जास्त असते. डॉक्टरांनी सिझर सुचवलं तर शांतपणे विचार : कशासाठी? थोडं थांबलं तर काय धोका आहे? खरं कारण असेल तर ते डॉक्टर एका वाक्यात सांगतात. कारण पटलं की मग घरच्यांनी वेळ दवडू नये.

घरी आल्यावरही मंडळी मोडू देऊ नको

जचकी झाली की सगळे पेढे वाटून पांगतात आणि बाळंतीण एकटी पडते. आपल्या विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून घरोघरी बाळं तपासायला लावली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ते जगापुढे आलं आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात गेलं. दवाखान्यात जचकी झाली तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. तिला दारातून परत पाठवू नका. बाळाचं वजन करू द्या, तिला बसून बोलू द्या.

डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू जरूर खा. पण बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही रीत सोडून द्या. दूध पाण्यावरच येतं. बंद खोलीत शेगडीचा धूर नको, बाळाचा जीव कोंडतो. दोन आठवडे उलटूनही पोरगी रडत असेल, झोपत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळत बसू नका, डॉक्टरकडे न्या. २१ दिवसांच्या आत जन्माची नोंद करा.

आता सासूबाई, आई, जावईबापू, तुम्हाला एक मागणं. या घरात ज्या बाईचं बाळंतपण आहे, तिला आज संध्याकाळी जवळ बसवा आणि विचारा : तुला कुठे जावंसं वाटतं, जवळ कोण हवं? ती सांगेल ते लिहून घ्या, त्याप्रमाणे दवाखाना बघून या, आणि तो कागद दाराजवळ लावा.