देवगिरीचे ताल आणि दोन पियानो

दोन पियानोंसाठी लिहिलेल्या आधुनिक पाश्चात्य रचनांचा विचार देवगिरीपासून आरंभ करणे विचित्र वाटेल. परंतु त्याला कारण आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्याच्या पाचव्या अध्यायात 120 देशी तालांची लक्षणे आहेत. आज बंगळूरला मृदंग शिकणारा विद्यार्थी सात सुळादी ताल व त्यांचे 35 भेद शिकतो. त्या जुन्या यादीतील बहुतेक ताल प्रयोगातून केव्हाच लुप्त झाले.

एका फ्रेंच संगीतकोशात छापलेली ही यादी ऑलिव्हिए मेसियां (1908–1992) या संगीतकाराच्या हाती पडली. त्यातील ‘ढेंकी’ तालाचे रूप गुरु, लघु, गुरु असे आहे, म्हणजे वृत्तशास्त्रातील रगणच. ते उलट वाचले तरी तेच राहते. अशा लयबंधांचे मेसियांला विलक्षण आकर्षण होते. जर्मनांच्या युद्धबंदी छावणीत 15 जानेवारी 1941 रोजी वाजविल्या गेलेल्या त्याच्या चतुष्कात पियानोकडे रागवर्धन, चंद्रकला व लक्ष्मीश या तीन तालांची मिळून 17 कालमूल्ये आहेत, तर स्वरसंघात 29. दोन्ही चक्रे एकदम सुरू होतात. ती पुन्हा एकत्र यावयास 17 × 29, म्हणजे 493 आघात लागतील. रचना त्याआधीच संपते.

सुटकेनंतर 1943 मध्ये, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये, त्याने ‘आमेनची दर्शने’ ही सात भागांची रचना दोन पियानोंसाठी लिहिली. पहिला पियानो त्याची विद्यार्थिनी इव्हॉन लोरियो हिच्यासाठी होता : लयीची अवघड कामे, घंटानाद, वेग. दुसरा त्याने स्वतःकडे ठेवला आणि मुख्य सुरावट व भावनेचा भार त्यावर टाकला. आरंभी दुसऱ्या पियानोवर सृष्टीच्या निर्मितीची सुरावट अगदी मंद्र व हळू उमटते आणि वाढत जाते; वर पहिल्या पियानोचे लयबंध आपापल्या चक्रात फिरत राहतात. एकाच वादकाच्या दोन हातांना हे साधणे शक्य नव्हते.

येथे एक मर्यादा नोंदविली पाहिजे. मेसियांने ताल कागदावरून घेतले. सम, आवर्तन, हाताची क्रिया यांचा त्याच्याशी संबंध आला नाही. त्याच्या दृष्टीने ताल म्हणजे केवळ कालमूल्यांची माळ. भारतीय वादक तिला ताल म्हणेलच असे नाही. तथापि कालमूल्य ही स्वरापासून वेगळी काढता येणारी वस्तू आहे, हे त्याच्या शिष्यांनी उचलले. 1952 मध्ये पिएर बुलेझच्या ‘स्ट्रक्चर्स’ या दोन पियानोंच्या रचनेचा पहिला भाग पॅरिसमध्ये वाजविला गेला, तेव्हा एका पियानोवर बुलेझ होता आणि दुसऱ्यावर मेसियां.