गाठ गोठवण्यापूर्वी
कर्करोग लसीकाग्रंथींत पसरला, पण बाधित ग्रंथी एक-दोनच असल्या, तर शस्त्रक्रिया न करता त्या जागीच गोठवून मारता येतात. या उपचाराला क्रायोअ‍ॅब्लेशन म्हणतात. शस्त्रक्रिया झेपत नाही किंवा त्या भागाला रेडिएशन देऊन झाले आहे, अशा रुग्णांसाठी त्याचा विशेष विचार होतो. सीटी स्कॅनवर पाहत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट त्वचेतून बारीक सुई ग्रंथीत नेतात. सुईच्या टोकात दाबाखालचा अरगॉन वायू एकदम प्रसरण पावतो आणि टोक उणे 100 अंशांखाली जाते. सुमारे 10 मिनिटे गोठवायचे, वितळू द्यायचे, पुन्हा गोठवायचे.

बर्फाचा गोळा स्कॅनवर काळसर दिसतो. हा या पद्धतीचा मोठा गुण, पण फसगतही इथेच होते. गोळ्याच्या कडेला तापमान जेमतेम शून्य असते. पेशी खात्रीने मरायला उणे 20 ते उणे 40 अंश लागतात आणि ते कडेपासून काही मिलिमीटर आत. म्हणून बर्फ ग्रंथीबाहेरही पसरावा लागतो. त्यात या ग्रंथी बहुधा मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असतात. वाहते उबदार रक्त ती बाजू नीट गोठू देत नाही, आणि तिथे जिवंत पेशी उरू शकतात. काखेत हाताच्या नसा (मज्जातंतू), ओटीपोटात मूत्रवाहिनी आणि आतडी जवळ असतात. मध्ये सलाइन किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून आतडी दूर सारतात. नस किती जवळ आहे आणि ती कशी वाचवणार, हे संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारलेच पाहिजे. सही करून घेण्याच्या घाईत हा प्रश्न राहून जातो.

त्याआधीचा प्रश्न बायोप्सीचा. भारतात क्षय अजून सर्वत्र आहे, आणि क्षयाची ग्रंथीही पेट स्कॅनवर कर्करोगासारखीच चमकते. शस्त्रक्रियेत गाठ काढून तपासायला पाठवतात, तसे इथे होत नाही. म्हणून निदान आधीच पक्के हवे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवतात.

उपचारानंतर गाठ लगेच नाहीशी होत नाही. सुजेने ती आधी मोठीही लागते. मेलेली ऊती शरीर हळूहळू शोषते. फार लवकर केलेल्या पेट स्कॅनमध्ये ही सूजच आजार म्हणून दिसू शकते. मात्र वाढता बधिरपणा, हातापायांतली शक्ती कमी होणे, ताप किंवा लघवी अडणे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गोठवण्याने फक्त ती ग्रंथी मरते. इतरत्र गेलेल्या, स्कॅनवर न दिसणाऱ्या पेशींसाठी मूळ कर्करोगानुसार केमोथेरपी, हार्मोन किंवा इम्युनोथेरपी लागेल का, हे मेडिकल ऑन्कोलॉजिस्टकडून आधीच ठरवून घ्यावे.