मावळातील दर्यावर्दी

मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरला की कोकण लागते. घाटावरच्या मुलाला डोंगर ठाऊक. भरती-ओहोटीशी त्याची ओळख कोठून असणार? परंतु मराठ्यांच्या आरमाराचा सर्वश्रेष्ठ सरदार ज्या घराण्यात निपजला, ते मूळचे पुणे जिल्ह्याच्या मावळातलेच. आडनाव संकपाळ, आंगरवाडी या गावावरून पुढे आंगरे झाले.

तुकोजी आंगरे शिवाजीमहाराजांच्या चाकरीत सुवर्णदुर्गावर होते. हर्णैसमोरच्या या जलदुर्गाच्या सहवासात त्यांचा पुत्र कान्होजी वाढला. वारा पडला म्हणजे जड गुराब जागची हलत नाही. मग वल्ह्यांची गलबते तिला ओढून नेतात. हे ज्ञान पोथीत मिळणारे नव्हे.

पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने किल्ल्याला वेढा घातला आणि खुद्द किल्लेदारच फितूर झाला! तेव्हा तरुण कान्होजीने शिबंदी आपल्याकडे वळवून त्याला कैद केले. शत्रूवर चालून जाताना तो स्वतः पकडला गेला. पण निसटला आणि पोहत किल्ल्यात परतला, असे परंपरा सांगते. पोहण्याची गोष्ट कोणास अतिरंजित वाटेल. किल्ला मात्र सिद्दीच्या हाती गेला नाही.

१६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रे कान्होजींकडे आली. ते 'सरखेल' झाले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली. १७२९ साली ते वारले. त्यांची समाधी अलिबागेस आहे.