मण्यांचे टेकाड

दक्षिण थायलंडात अंदमान समुद्राच्या बाजूस क्राबी नावाचा प्रांत आहे. तेथील खलोंग थोम या गावी एक बौद्ध विहार आहे. विहाराजवळच्या जमिनीस लोक ‘ख्वान लुक पाट’ म्हणतात. ‘ख्वान’ म्हणजे टेकाड आणि ‘लुक पाट’ म्हणजे मणी. त्या मातीतून इतके मणी निघाले की जागेचे नावच तसे पडले.

तांबड्या, पिवळ्या, निळ्या काचेचे हे मणी मोहरीहून थोडे मोठे. पण ते घडविण्याची युक्ती पाहा. तापलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी राखून त्याची लांबच लांब नळी ओढावयाची, ती निवाली म्हणजे तिचे बारीक तुकडे करावयाचे आणि राखेत घोळून ते पुन्हा तापवावयाचे, म्हणजे धारदार कडा गोल होतात. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे हा धंदा दोन हजार वर्षांपूर्वी भरभराटीस आला होता. आंध्रातील पापनायडूपेट येथील कारागिरांनी तो विसाव्या शतकापर्यंत जतन केला. काचेबरोबर अकीकाचेही मणी तेथे मिळतात. आपल्या तेरच्या पांढरीतही काचेचे व अकीकाचे मणी सापडले आहेत.

मग समुद्रापार केवळ मालच गेला काय? खलोंग थोमला काचेचे टाकाऊ तुकडेही सापडले. म्हणजे मणी तेथेही घडत होते. शिवाय तेथे सोनाराचा एक लहानसा कसोटीचा दगड मिळाला. त्यावर तमिळ भाषेत, ब्राह्मी वळणाच्या लिपीत, ‘पेरुम्पदनचा दगड’ एवढीच अक्षरे आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातील या सोनाराविषयी आपणांस दुसरे काहीही ठाऊक नाही. परंतु राजांच्या लांबलचक प्रशस्तींपेक्षा मला हा दगड अधिक बोलका वाटतो.

विहाराच्या प्रमुख भिक्षूंनी अशा वस्तू गोळा करून आवारातच संग्रहालय उभारले. कसोटीचा तो दगडही तेथेच राहिला, म्हणून विद्वानांना तो वाचता आला. दगडावर अक्षरे होती, त्यामुळे तो कोठेही ठेवला तरी आपली ओळख सांगू शकतो. मण्यावर अक्षर नसते. तो किती खोल होता, कोणत्या थरात होता, शेजारी कोणते खापर होते, हीच त्याची साक्ष. विक्रीच्या लोभाने खणणाऱ्यांनी मात्र टेकाडात जागोजाग खड्डे पाडले आणि थर एकमेकांत मिसळून टाकले. मणी दोऱ्यात ओवून बाजारात गेले. ते सुंदर आहेत, यात संशय नाही; पण त्यांतील पुष्कळसे मणी कोणत्या काळचे, हे आता मातीला विचारता येत नाही.