ओढते, पण थांबते का?

बांधकामाचा माल वाहायला गाडी घ्यायची ठरली की माणूस आधी हौद्याची लांबी विचारतो आणि मग इंजिनाची ताकद. चिपळूणला आमचं सिमेंट, चिरे आणि वाळूचं दुकान आहे, हिशोब मी बघते. ओळखीतले लोक गाडी घेण्याआधी विचारायला येतात तेव्हा मी त्यांच्यापुढे कागद ठेवते आणि म्हणते, आधी मालाचं वजन लिहा.

साधा हिशोब आहे. पिकअपचा हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद धरा. त्यात क्रश सँड फक्त सहा इंच पसरली तरी ती पाव ब्रास होते. ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि एक ब्रास वाळूचं वजन साडेचार टनांच्या आसपास जातं. म्हणजे तळाला पसरलेल्या त्या थराचंच वजन 1,100 किलो झालं, आणि वाळू भिजलेली असेल तर त्याहून जास्त. फाळके अजून वर रिकामे दिसतात, आणि पुष्कळ गाड्यांची कागदावरची क्षमता तेवढ्यात संपत आलेली असते. जांभ्याचा चिरा तीस किलोच्या आसपास भरतो, शंभर चिरे म्हणजे तीन टन. आमच्याकडे गिऱ्हाईक चिरे शेकड्यात मागतं आणि ड्रायव्हर ते एका खेपेत न्यायला बघतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडहून सिमेंट घेऊन एक भाड्याची पिकअप आमच्याकडे येत होती. क्षमता 1,200 किलोची, म्हणजे माणसं धरून एकवीस-बावीस पोती. भरली होती चाळीस. पाटण, कोयनानगर सगळं नीट पार पडलं, चढाला गाडी कुठे दमलीही नाही. कुंभार्ली घाट उतरताना पोफळीच्या वरच्या वळणांवर ब्रेकचं पेडल मऊ पडत गेलं आणि शेवटी तळाला टेकलं. ड्रायव्हर अनुभवी होता. त्याने गिअर खाली ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. मागे पोत्यांवर बसलेल्या हमालाचा पाय मांडीत मोडला. बांधकामाचा तो सबंध हंगाम त्याला घरात काढावा लागला, आणि त्याच्या घरात कमावणारा तो एकटाच होता. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी सांगते.

चढाला इंजिन काम करतं, उताराला ब्रेक. सतत दाबलेला ब्रेक तापतो, लायनरची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात ओलावा मुरलेला असतो. उष्णतेने त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. कंपनीने ब्रेक बसवलेले असतात ते कागदावरच्या एकूण वजनाचा हिशोब धरून. ‘गाडी ओढते की’ हे वाक्य म्हणून माझ्या कानाला धोक्याचं वाटतं.

गॅरेजवाले यावर उपाय सांगतात, मागचे पाटे वाढवा. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही आणि ओव्हरलोड डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक पडतो. ब्रेक, एक्सल, बेअरिंग, टायर जुनेच राहतात. टायरच्या कडेवर भार दाखवणारा अंक असतो. 100 असेल तर त्या टायरला 800 किलो. तो अंक पाट्यांनी वाढत नाही.

तेव्हा आरसीवरचे दोन आकडे बघा, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं. त्यांच्यातला फरक ही तुमची खरी मर्यादा. ड्रायव्हर, हमाल, ताडपत्री, घमेली आणि मागाहून करून घेतलेली लोखंडी जाळी, सगळं त्या फरकातून वजा होतं. उरलेल्या आकड्यात तुमची नेहमीची ऑर्डर बसते का ते बघा. वर्षातून एकदा येणारी मोठी ऑर्डर यात धरू नका, तिला भाड्याची गाडी आहे.

टाइल्स, रंग, पाइप, दहा-बारा पोती सिमेंट असा किरकोळ माल गल्लीबोळांत पोहोचवायचा असेल तर 2005 साली आलेल्या छोट्या हत्तीच्या वर्गातली गाडी पुरते. मिश्र मालाला पिकअप चांगली. पण धंदा मुख्यतः चिरे, खडी आणि वाळूचा असेल तर पिकअप घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. मागे जोडचाकं असलेली 407 च्या वर्गातली गाडी घ्यावी. हप्ता जास्त बसतो, पण एका खेपेचं काम एका खेपेत होतं. लायसन्सची धास्ती अनेकांना असते. 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते पक्कं केलं आहे. परमिट मात्र 3,000 किलोच्या वर एकूण वजन गेलं की लागतं, म्हणून दोन मॉडेलांत अडलात तर हा आकडा विचारून घ्या.

सळईचा प्रश्न वेगळा. तिथे वजनाआधी लांबी आडवी येते. 12 मिलिमीटरची पूर्ण सळई बारा मीटर लांब असते आणि वजन साडेदहा किलोच्या थोडं वर. मधे वाकवून आणली तरी वीस फूट, नऊ फुटी हौद्याच्या कितीतरी बाहेर. मागे लोंबणारा भार गाडीचं तोंड उचलतो, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला ती टोकं दिसत नाहीत. सळई लांब ट्रकनेच मागवा. एरवीही जड माल केबिनला टेकवून रचा, शेपटाकडे नको.

दंडाचंही सांगते. सप्टेंबर 2019 पासून ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. हौद्याबाहेर आलेल्या मालालाही 20,000. चार पोती जास्त नेऊन सुटलेलं भाडं यापुढे काहीच नाही.

जुनी गाडी घेत असाल तर चासीला वेल्डिंगचे जोड, मोडून बदललेले पाटे आणि मागच्या टायरांची वाकडी झीज शोधा. आमच्या खाऱ्या हवेत हौद्याचा तळ खालून गंजतो, वाकून बघा. आरसीवर कर्जाचा बोजा, थकलेली चलनं, फिटनेसची तारीख हे तपासून मगच विसार द्या. शेवटी गाडीत तिच्या मर्यादेइतका माल भरा, वजनकाट्याची पावती घ्या आणि जवळच्या उतारावर नेऊन ब्रेक आणि हँडब्रेक दोन्ही बघा. विकणारा त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.