जुनी एस्टीम ट्रॅकवर नेण्याआधी

परळमध्ये राहून ट्रॅकची गाडी बांधायची असेल तर पहिला हिशेब किमतीचा नको, अंतराचा मांडा. सेडान मोकळेपणाने पळवता येते असे आपल्या देशातले नावाजलेले ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. तिन्ही मुंबईपासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. गाडी साठ-सत्तर हजारांत मिळते, पण दोनदा तिकडे जाऊन यायचं म्हटलं की डिझेल, टोल, ट्रेलरचं भाडं, राहणं आणि झिजलेले टायर मिळून तेवढेच पैसे सहज उडतात. हे आकडे घरच्यांसमोर आधीच मांडा. आमच्याकडे बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न तोच होता, “गाडी कितीची ते राहू दे, वर्षाचा खर्च किती?”

मी मारुती एस्टीम घेतली आणि आजही कुणी विचारलं तर तीच सुचवतो, मिळाली तर. १९९४ साली आलेली ही गाडी. इंजिन १३०० सीसीचं, वजन ९०० किलोच्या आसपास, आणि नंतरच्या मॉडेलमध्ये ८५ अश्वशक्ती. त्याच कुळातलं इंजिन जिप्सीतही बसायचं, त्यामुळे ते उघडलेला मिस्त्री मिळतो आणि सुटे भाग अजून हाती लागतात. आपल्याकडच्या सर्किट रेसिंगमध्ये एस्टीम वर्षानुवर्षं धावली, म्हणून तिच्या कमानी, बुश, चाकांची अलाइनमेंट यांबद्दल सांगणारी माणसंही आहेत. १९९८ ची पहिली होंडा सिटी इंजिनाने सरस. पुढे आलेली १५०० सीसीची व्हीटेक तर १०६ अश्वशक्तीची. पण चांगल्या राहिलेल्या सिटीला मालक सोडत नाही आणि वाईट राहिलेली परवडत नाही.

घेताना इंजिनापेक्षा पत्रा बघा. इंजिन पुन्हा बांधता येतं, सडलेला सांगाडा नाही. मुंबईच्या गाडीला खारी हवा लागते आणि आपल्या भागातल्या गाडीला वर पुराचं पाणी. हिंदमाताच्या खोलगट भागात भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की काय होतं ते परळकराला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरभर बुडालेल्या गाड्या नंतर धुऊनपुसून विकल्या गेल्या. बुडालेली गाडी ओळखायची एक खात्रीची जागा म्हणजे सीटबेल्ट. तो शेवटपर्यंत ओढा. एरवी गुंडाळलेला राहणारा भाग कुणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे दिसते. मग कार्पेट उचला, स्टेपनीची खळगी बघा, डॅशबोर्डखाली वायरिंगच्या जोडांवर हिरवा थर आहे का ते टॉर्चने पाहा. बॉनेट उघडून शॉकअप जिथे वर बोल्टने बसतो तो पत्रा आणि खाली जॅक लावायच्या जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. तिथे पत्रा भुसभुशीत असेल तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. ट्रॅकवर वळणाचा मोठा ताण शॉकअपच्या त्या पत्र्यावर येतो.

कागद. नोंदणीची पंधरा वर्षं उलटली असतील तर फेरनोंदणी झाली आहे का, आणि पर्यावरण कर भरला आहे का, हे ताडदेव आरटीओच्या खिडकीवर जाण्याआधी ऑनलाइन तपासा. फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, तेव्हा अनेकांनी ती न भरताच गाडी ‘जशी आहे तशी’ विकायला काढली. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनं कर्ज आरसीवर दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसीही लागेल. पहिला मालक कधीच गावी निघून गेलेला असतो, आणि त्याच्या सहीसाठी कोकणात दोन खेपा घालणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता जागा, आणि यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण परळमधल्या बहुतेक अशा गाड्या इथेच संपतात. चाळीत पार्किंग नाही. नव्या टॉवरमध्ये आहे, पण तिथे सोसायटी पाना हातात घेऊ देत नाही. मग गाडी रस्त्यावर उघडली जाते. चाकं काढून विटांवर ठेवलेली गाडी महापालिकेच्या दृष्टीने बेवारस दिसते. तिच्यावर नोटीस चिकटते आणि मुदत संपली की उचलली जाते. गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या गल्ल्यांत मंडपाचे बांबू उभे राहायला लागले की प्रत्येक गाडी हलवावी लागते. जिचं इंजिन बाहेर आहे ती हलत नाही. माझ्याबरोबरच एस्टीम घेतलेल्या एका मित्राने उत्साहाने एका महिन्यात सीट, डॅशबोर्ड, वायरिंग, इंजिन सगळं उतरवलं. मंडळाच्या पोरांनी त्या वर्षी गाडी ढकलत, उचलत शेजारच्या गल्लीत नेली. त्या गडबडीत बोल्टचे डबे एकमेकांत मिसळले. पुढच्या पावसात उघड्या सांगाड्यात पाणी भरलं, आणि शेवटी गाडी वजनावर गेली. त्याच्याकडे कौशल्य माझ्यापेक्षा जास्त होतं, पैसाही. गाडी पुन्हा चालती व्हायची तारीख तेवढी नव्हती.

म्हणून माझा आग्रह एकच आहे आणि तो मी प्रत्येकाला सांगतो: गाडी शनिवारी उघडली तर रविवारी रात्री ती स्वतःच्या इंजिनावर पार्किंगमध्ये परत गेली पाहिजे. एका वेळी एकच काम. पुढचे ब्रेक. नंतर मागचे. नंतर बुश आणि बॉल जॉइंट. आठवड्याहून मोठं काम असेल तर शिवडीकडे किंवा जिथे परवडेल तिथे महिन्याच्या भाड्याने गाळा घ्या, आणि भाड्याचा शेवटचा दिवस हीच कामाची मुदत समजा. बाबा मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये फिटर होते. १८७९ पासून चालत आलेल्या त्या कारखान्यात एक शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती: सोडण्याआधी खूण कर, सोडल्यावर तिथेच परत अडकव. प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर, प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात दोन आटे परत. आज फोनने फोटो काढता येतात, पण बोल्टची लांबी फोटोत कळत नाही.

पैसे कशावर आधी घालायचे? ब्रेकवर. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. परळ ते वांद्रे सी-लिंकवर तुम्ही एखाददुसऱ्यांदा जोरात ब्रेक मारता. कारीचा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा, तिथे मिनिटामिनिटाला मारावा लागतो, आणि डिस्क थंड व्हायला मधे वेळच नसतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काही फेऱ्यांतच पॅडल लांब जाऊ लागलं. पॅड शिल्लक होते, गळती नव्हती. आतलं ब्रेक ऑइल उकळायला लागलं होतं, आणि वाफ दाबली जाते, द्रवासारखी जोर पुढे नेत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सियस, ओल शोषल्यावर १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. मुंबईच्या दमट हवेत ही घसरण लवकर होते. त्यामुळे ट्रॅकला निघण्याच्या आठवड्यात सीलबंद डबा फोडून पूर्ण ऑइल बदला आणि उरलेलं पुन्हा वापरू नका. नुसतं डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. पॅडल लांब वाटलं की हात वर करून वेग उतरवा, एक फेरी ब्रेक न दाबता फिरवा आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले ड्रम तसेच आवळून ठेवायचे नसतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा.

टायर नवे घ्या, आणि दुकानात बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मोठी चाकं नकोत. मूळ मापाचीच घ्या.

रोल केजबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. दिसायला छान म्हणून साध्या पाइपचा केज वेल्ड करून घेतलेल्या गाड्या मुंबईत रोज रस्त्यावर फिरताना दिसतात. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस नळी लागते, ४५ मिलिमीटर व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची, किंवा ५० ची आणि दोनची. फर्निचरचा पाइप अपघातात दुमडतो आणि आत घुसतो. आणि खरा केज असला तरी हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवलं तर साध्या धडकेतही डोकं त्याच लोखंडावर आपटतं. केज, रेसिंग सीट, सहा पॉइंटचा पट्टा आणि एसए मानकाचं हेल्मेट हा एकच संच आहे. मोटरसायकलच्या हेल्मेटला केजवर आपटण्याची आणि आगीची ती चाचणी दिलेली नसते. संच एकत्र घेता येत नसेल तर मूळ सीट, मूळ तीन पॉइंटचा पट्टा आणि चांगलं हेल्मेट एवढ्यावर ट्रॅक डे करा.

केज बसला, मागची सीट निघाली की गाडी रस्त्याची उरत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठाम केलं. म्हणजे केज बसल्यापासून गाडी ट्रेलरवरूनच न्यावी लागेल. विमाही वाचा: नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकलेल्या गाडीचा खर्च तुमचाच.

इंजिनाला पहिलं वर्ष हात लावू नका. टायमिंग बेल्ट, रेडिएटर, होज, नवं ऑइल, बस. ८५ अश्वशक्तीत ब्रेकिंग पॉइंट आणि वळणाची रेषा शिकता येते, आणि गाडी दिवसअखेर चालत बाहेर येते. पुढे शर्यतीत उतरायचं ठरलंच तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स लागतं. त्याआधी वडाळ्याला कार्टिंगवर पैसे घाला, ते एक्झॉस्टवर घालण्यापेक्षा उपयोगी पडतात.

आणि छंद सोडायचा ठरला तर गाडी ‘भाई, घेऊन जा’ म्हणून कुर्ल्याच्या कटिंगवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची नोंद पोर्टलवर स्वतः बघा. चांगले ब्रेक आणि टायर त्याआधी उतरवून पुढच्या मुलाला विका. गिऱ्हाईक लगेच मिळतं.